लाल कड्यांचा प्रवासी
जॉन वेस्ली पॉवेल याचा जन्म १८३४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. दगड, शिंपले व वनस्पती जमविण्याचा त्याला लहानपणापासून नाद होता. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६२ च्या एप्रिल महिन्यात, शायलोच्या रणांगणावर, तोफा डागण्याचा इशारा देण्यासाठी त्याने उजवा हात उंचावला, तोच त्या हातात बंदुकीची गोळी शिरली. तो हात कापून टाकावा लागला. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

युद्धानंतर तो भूस्तरशास्त्राचा अध्यापक झाला. पण चार भिंतींत रमणारा तो नव्हे! कोलोरॅडो नदीच्या भोवतालचा विस्तीर्ण प्रदेश त्या काळी नकाशावर जवळजवळ कोराच होता. १८६८ च्या अखेरीस तो पत्नी एमा व काही सोबती यांच्यासह व्हाइट नदीच्या काठी ओंडक्यांच्या खोपट्यांत राहिला. वाळवंट म्हटले की रणरणते ऊनच डोळ्यांपुढे येते; परंतु हा प्रदेश समुद्रसपाटीपासून फार उंच असल्यामुळे तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. लोहाच्या अंशाने तांबडे झालेले कडे आणि त्यांच्या कपारींत साचलेले शुभ्र हिम, अशा त्या मुलखात पॉवेल यांपा व ग्रीन या नद्यांपर्यंत हिंडला. शेजारीच यूट लोकांची वस्ती होती. त्यांचे शब्द त्याने वहीत टिपून घेतले. त्यांनी त्याला ‘कापुरात्स’, म्हणजे एक हात नसलेला, असे नाव दिले.

२४ मे १८६९ रोजी नऊ सोबती व चार होड्या घेऊन तो ग्रीन नदीतून निघाला. थोड्याच दिवसांत एक होडी खडकावर आपटून फुटली आणि बरीचशी शिधासामग्री बुडाली. पुढे एकदा तो ब्रॅडली नावाच्या सोबत्यासह एक उंच कडा चढत होता. मध्येच त्याला वर जाता येईना, खाली उतरता येईना. एका हाताने कपार धरून तो लटकला. पाय थरथरू लागले. वर पोहोचलेल्या ब्रॅडलीजवळ दोर नव्हता. त्याने झटकन आपली लांब विजार काढून खाली सोडली. ती धरावयाची तर कपार सोडणे भाग होते, कारण हात एकच! पॉवेलने कपार सोडली, विजार पकडली आणि तो वाचला.

ऑगस्टअखेर ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत अन्न संपत आले. पुढे भयंकर धबाबा दिसत होता. तिघा सोबत्यांनी नदी सोडून पायी जाण्याचे ठरविले. पॉवेल त्या रात्री वाळूत येरझारा घालीत राहिला. त्याने त्यांची समजूत घातली, पण बळजबरी केली नाही. २८ ऑगस्टला ते तिघे निघून गेले. उरलेले सहा जण दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. ते तिघे मात्र वाटेत मारले गेले.

पुढील वर्षी पॉवेल त्यांची चौकशी करण्यासाठी शिव्विट्स लोकांकडे गेला. ते तिघे दुसऱ्याच कोणा अपराध्यांच्या संशयावरून मारले गेले, असे त्या लोकांनी सांगितले. त्याने सूड उगविला नाही. त्या रात्री तो त्यांच्याजवळच निजला.

नंतर १८८१ ते १८९४ पर्यंत तो अमेरिकेच्या भूस्तर पाहणी खात्याचा प्रमुख होता. १९०२ साली त्याचे निधन झाले.