हिशेब मागणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे घटनेचे शिल्पकार उभे राहतात, महाडचे चवदार तळे उभे राहते, नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. पण सरकारच्या जमाखर्चाची वही उघडून तिच्यातला अन्याय आकड्यांनिशी दाखवणारे बाबासाहेब आमच्या भाषणांतून आणि गाण्यांतून जवळजवळ हरवले आहेत. त्यांच्या संसदीय कारकिर्दीचा पाया मात्र हिशेबाच्या टेबलावरच घातला गेला होता.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर 10 वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. तिथे एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि अर्थव्यवहाराचा. ज्याच्या पूर्वजांना गावाच्या वहीत केवळ राबण्यापुरते स्थान होते, त्या घरातला तरुण आता राज्यकर्त्यांच्याच वह्या तपासू लागला.

1917 साली करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. पुढे त्यांना अर्थमंत्री करावे, असे महाराजांच्या मनात होते. म्हणून अनुभवासाठी त्यांची नेमणूक अकौंटंट जनरलच्या कचेरीत झाली. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फाइली लांबूनच टाकीत. प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून दररोज दीड रुपया देऊन एका पारशी सरायीत पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत त्यांनी पाच तास काढले. संस्थानचा हिशेब सांभाळायला निघालेल्या या विद्वानाला संस्थानच्या राजधानीत डोके टेकायला जागा मिळाली नाही. जातीपुढे पदवी आणि पगार यांची किंमत शून्य असते, हा हिशेब त्यांना बडोद्याने शिकवला.

मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुन्हा लंडनला जाऊन 1923 साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्याच्या नफ्यात पडणारी भर मजुराच्या मजुरीतून निघते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच सुमारास संसार चालवण्यासाठी ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. उद्याच्या हिशेबनिसांना शिकवणारे हे प्राध्यापक 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले.

24 फेब्रुवारी 1927 रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट आहे, मग एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा का भरावा लागतो, असा त्यांचा सवाल होता. मार्च महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर ते बोलले. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक गोळा करते, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणातून परत द्या, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर काही दिवसांतच, 20 मार्चला, ते चवदार तळ्याच्या काठावर उभे होते. सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगणारा आणि सार्वजनिक पैशाचा जाब विचारणारा माणूस एकच होता. एक लढा आम्ही दरवर्षी साजरा करतो, दुसरा विसरतो.

1928 साली त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले. त्यामागेही हिशेबच होता. सरकारने रात्रंदिवस राबवून घ्यायचे, मोबदल्याची वेळ आली की बलुत्याकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. सरकारी काम असेल तर सरकारी तिजोरीतून पगार द्या, अशी त्यांची सरळ भूमिका होती.

घटना लिहिली गेली तेव्हा हा हिशेबी माणूस जागा होता. 30 मे 1949 रोजी घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदावर चर्चा झाली. हा अधिकारी न्यायाधीशांपेक्षाही महत्त्वाचा मानून त्याला तेवढेच स्वातंत्र्य असावे, असे बाबासाहेबांचे मत होते. कायदेमंडळाने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला की नाही हे पाहणारा कोणी नसेल, तर मंजुरी म्हणजे नुसता कागद, हे त्यांना ठाऊक होते. 1952 साली लोकसभेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर ते राज्यसभेवर गेले आणि तिथेही त्यांनी अर्थसंकल्पातील लष्करी खर्चाच्या बोज्यावर टीका केली. 1956 साली महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्यच होते.

मराठवाड्याने या परंपरेला प्रतिसाद दिला आहे. 1950 साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने आमच्या पिढ्या घडवल्या. 1957 साली नांदेडने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले यांना लोकसभेत पाठवले. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या बावरीनगर महाविहारात दरवर्षी धम्म परिषदेला हजारो बांधव जमतात. श्रद्धा कमी नाही, गर्दीही कमी नाही. कमी आहे ती हिशेबाची सवय.

अर्धापूरच्या परिसरातला केळी उत्पादक व्यापाऱ्याची पट्टी आली की वजन, भाव, कटती सारे दोनदा तपासतो. ही नजर आम्ही सरकारी पैशाला का लावत नाही? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. किती वस्त्यांतून ग्रामसभेत हा आकडा विचारला जातो? 2025 साली सामाजिक न्याय विभागाचा 400 कोटींहून अधिक निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे त्या पैशावर चालतात, त्यांच्या बाजूने तेवढा आवाज उठला नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 सालीच उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रातील चळवळही हीच मागणी करीत आली आहे. पण मागणी करणाऱ्याला आकडे पाठ हवेत, नाहीतर मंत्रालयातला साधा कारकूनही त्याला वाटेला लावतो.

पुतळ्याला हार घालायला एक दिवस पुरतो. हिशेब मागायला वर्षभर जागे राहावे लागते. प्रत्येक वस्तीत एकदोन मुलांनी अर्थसंकल्प वाचायला शिकावे, माहितीच्या अधिकारात खर्चाचा तपशील काढावा, तो विहारात सर्वांना वाचून दाखवावा. अकौंटंट जनरलच्या कचेरीत ज्यांना पाणी मिळाले नाही, त्यांनी या देशाच्या तिजोरीवर पहारा ठेवणारे कलम आमच्या हाती दिले. ते कलम वापरणे हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!