मरायला म्हणून इटलीला गेलेला डॉक्टर पुढे तीन मुलांचा बाप कसा झाला?

जोडीदाराला डायबेटिस आहे आणि मुलासाठी प्रयत्न सुरू आहेत. अशा घरात दोन प्रश्न कायम असतात, पण मोठ्याने कुणी विचारत नाही. मूल होईल ना? आणि झालं तर त्यालाही हाच आजार होईल का?

शंभर वर्षांपूर्वी हे प्रश्न विचारायची वेळच यायची नाही. टाईप वन डायबेटिस झालेले बहुतेक तरुण लग्न-संसारापर्यंत पोचायचेच नाहीत. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स यांचं. लोक त्यांना रॉबिन म्हणायचे. विशेष म्हणजे ते स्वतःच या आजाराचे पेशंट होते.

हाडाची कपची डोळ्यात उडाली

लॉरेन्स यांचा जन्म १८९२ चा, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा. डॉक्टर झाल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले. त्यांची नेमणूक झाली होती भारताच्या सरहद्दीवर. तिथे आमांशाने आजारी पडल्यामुळे १९१९ मध्ये त्यांना मायदेशी पाठवलं गेलं.

पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी सर्जन होण्यासाठी काम सुरू केलं. १९२० मध्ये कानामागच्या हाडाच्या ऑपरेशनचा मृतदेहावर सराव करताना हाडाची एक कपची उडून त्यांच्या डोळ्यात गेली. डोळा चिघळला. उपचार सुरू असताना लघवी तपासली, तर त्यात साखर निघाली.

वय २८ च्या आसपास होतं. डोळ्याची नजर अधू झाल्यामुळे सर्जरी सुटली. डायबेटिसवर तेव्हा औषध नव्हतं, एकच उपाय होता, तो म्हणजे जवळपास उपासमार होईल इतकं कमी खायचं. त्यानेही आजार बरा होत नव्हता, फक्त मरण थोडं पुढे जायचं. आपल्याकडे फार तर तीन-चार वर्षं आहेत, हे डॉक्टर असल्यामुळे लॉरेन्स यांना नीट ठाऊक होतं.

काही काळ त्यांनी किंग्जच्याच प्रयोगशाळेत काम केलं. मग घरच्यांच्या डोळ्यांसमोर झिजत मरण्यापेक्षा दूर गेलेलं बरं, असं ठरवून ते इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेले. तिथे त्यांनी छोटी प्रॅक्टिस सुरू केली.

आणि लंडनहून तार आली

इकडे १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पण इन्सुलिन युरोपात पोचून पेशंटच्या हाती पडायला वेळ लागला.

तोवर लॉरेन्स यांची तब्येत खालावत गेली. थंडीत ब्राँकायटिस झाला आणि साखर हाताबाहेर गेली. १९२३ च्या मे महिन्यात किंग्जमधले सहकारी डॉ. जेफ्री हॅरिसन यांची तार आली. इन्सुलिन मिळालंय, ते काम करतंय, लगेच परत ये, असा तिचा मतलब होता.

लॉरेन्स कसेबसे लंडनला पोचले. ३१ मे १९२३ रोजी त्यांना पहिलं इंजेक्शन मिळालं. मरण पत्करून गेलेला माणूस पुढे ४५ वर्षं जगला.

लग्न, आणि तीन मुलं

१९२८ मध्ये लॉरेन्स यांचं डोरीन यांच्याशी लग्न झालं. पुढे त्यांना तीन मुलगे झाले. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा इन्सुलिन येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. या औषधावर माणूस किती वर्षं काढेल, याचा पक्का अंदाज कुणालाच नव्हता.

आपल्याला मिळालेलं आयुष्य त्यांनी इतर पेशंटसाठी वापरलं. १९२५ मध्ये त्यांचं 'द डायबेटिक लाईफ' हे पुस्तक आलं. काय खायचं, किती खायचं, इन्सुलिन कसं घ्यायचं हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही कळेल अशा भाषेत त्यात होतं. आजार पेशंटने स्वतः सांभाळायला शिकलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९३४ मध्ये त्यांनी आपले पेशंट आणि प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत डायबेटिक असोसिएशन काढली. तीच आजची 'डायबेटिस यूके'. १९५० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनचे ते पहिले अध्यक्ष झाले.

डायबेटिस असलेल्या गरोदर बायकांवरही किंग्जमध्ये मोठं काम झालं. इन्सुलिनच्या आधी अशा बायकांना दिवस राहणंच दुर्मीळ होतं, आणि राहिले तर आई-बाळ दोघांचाही जीव धोक्यात असायचा. इन्सुलिनमुळे आई वाचू लागली, पण पोटातली बाळं तरीही दगावत होती. किंग्जमध्ये डायबेटिसचे डॉक्टर विल्फ्रिड ओकली आणि प्रसूतितज्ज्ञ जॉन पील यांनी एकाच पेशंटकडे मिळून लक्ष द्यायची पद्धत रुजवली. आज जगभर हीच पद्धत वापरली जाते.

मग आज डायबेटिसमुळे मूल व्हायला अडचण येते का?

येऊ शकते, पण येतेच असं नाही. बराच फरक साखर किती ताब्यात आहे यावर पडतो.

पुरुषांमध्ये साखर बरीच वर्षं जास्त राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. त्यामुळे लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास होतो. काही जणांमध्ये वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. शुक्राणूंच्या दर्जावरही परिणाम होऊ शकतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, पण लाजेपोटी डॉक्टरांना सांगितलंच जात नाही. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे आधी बायकोच्या तपासण्या सुरू होतात. खरं तर वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि पहिल्याच टप्प्यात करायची तपासणी आहे.

बायकांमध्ये साखर वाढलेली असेल तर पाळी अनियमित होऊ शकते. टाईप टूसोबत पीसीओएसही अनेकींना असतो. सगळ्यात महत्त्वाचे असतात गरोदरपणाचे पहिले काही आठवडे. बाळाचं हृदय आणि मज्जासंस्था तेव्हाच घडत असते, आणि अनेकदा तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून साखर प्रयत्न सुरू करण्याआधीच ताब्यात आणायची असते. सुरक्षितपणे जमत असेल तर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असावं, असं डॉक्टर सांगतात. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावं लागतं. बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या बदलाव्या लागतात, पण त्या स्वतःहून बंद करू नयेत.

राहिला प्रश्न बाळाला आजार होण्याचा. वडिलांना टाईप वन असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ६ टक्के असते, आईला असेल तर त्याहून कमी. म्हणजे १०० पैकी ९४ च्या आसपास मुलांना तो होत नाही. टाईप टूमध्ये आनुवंशिकतेचा भाग जास्त असतो, पण तिथे वजन, खाणं आणि व्यायाम यांनी बराच फरक पडतो.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचं वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले असतील, तर डॉक्टरांकडे जायला हवं. जोडीदाराला डायबेटिस असेल तर इतकंही थांबायची गरज नाही. प्रयत्न सुरू करण्याआधीच दोघांनी मिळून एकदा भेटून यावं.

लॉरेन्स १९६८ मध्ये वयाच्या ७५ व्या वर्षी लंडनमध्ये गेले. फार वर्षं जगणार नाही असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्यामागे त्यांची तीन मुलं होती.