आगरकरांनी सोडलेले आसन

कै. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरी अठराविश्वे दारिद्र्य, एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळती. ती वाट सोडून त्यांनी टिळकांसमवेत शाळेचे अल्प वेतन पत्करले व तसे मातोश्रींस आधीच कळविले. १८८१ पासून ते 'केसरी'चे संपादक. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी १०१ दिवसांचा तुरुंगवासही घडला. परंतु समाजसुधारणेविषयी मनातले मोकळेपणी लिहिता येईना, तेव्हा १८८७ साली त्यांनी ते आसन सोडले. स्वतः वाढविलेले पत्र सोडताना काय वाटले असेल, हे आम्हां संसारी माणसांस उमजावे! पुढल्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. त्यातील जातिभेदावरील टीका ज्ञातिसंस्थेच्या या अंकात स्मरताना आम्हांस थोडा संकोच होतो, हेही नमूद करतो.