स्मृतिदिन विशेष : क्रोमॅटोग्राफीचे जनक मिखाईल त्स्वेत

पिण्याच्या पाण्यातील कीटकनाशकाचा अंश असो वा निर्यातीच्या द्राक्षांवरील फवारणीचे अवशेष, त्यांचा शोध घेण्यासाठी प्रयोगशाळांत आज द्रव क्रोमॅटोग्राफी वापरली जाते. या पद्धतीचा पाया घालणारे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत यांचा २६ जून हा स्मृतिदिन.

त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती येथे झाला. वडील रशियन, तर आई इटालियन. जन्मानंतर लवकरच मातृछत्र हरपले आणि त्यांचे बालपण स्वित्झर्लंडमध्ये गेले. १८९६ मध्ये त्यांनी जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मात्र रशियात परदेशी पदवीला मान्यता नव्हती. त्यामुळे कझान विद्यापीठाची पदवी संपादन करून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. पुढे ते तत्कालीन रशियन साम्राज्यातील वॉर्सा येथे अध्यापन करू लागले.

पानांतील रंगद्रव्ये मूळ स्वरूपात वेगळी कशी करावीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी काचेच्या अरुंद नळीत खडूची बारीक भुकटी घट्ट भरली, तीवर पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडले. भुकटीला कमी-अधिक चिकटणारी रंगद्रव्ये निरनिराळ्या वेगाने खाली सरकली आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटले. भुकटी आणि द्रावक यांची जोडी जुळली, तरच पट्टे स्पष्ट होत. योग्य जोडी शोधण्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक पदार्थ पारखले. १९०३ मध्ये वॉर्सा येथील व्याख्यानात त्यांनी हे संशोधन मांडले आणि १९०६ मध्ये पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्रोमा’ म्हणजे रंग; रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थही रंग असाच आहे.

तथापि, समकालीन रसायनशास्त्रज्ञांनी या पद्धतीकडे संशयाने पाहिले. पहिल्या महायुद्धात त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले. स्थलांतर आणि आजारपण यांत खंगलेल्या या संशोधकाचे १९१९ मध्ये व्होरोनेझ येथे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते.

१९३१ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी गाजरातील कॅरोटीन याच पद्धतीने वेगळे केले आणि विस्मरणात गेलेले तंत्र पुन्हा प्रकाशात आले. त्याच्याच एका नव्या प्रकारासाठी १९५२ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

आज काचेच्या नळीची जागा पोलादी स्तंभाने घेतली आहे. द्रावक पंपाच्या दाबाने पुढे ढकलले जाते आणि डोळ्यांना न दिसणारी रसायने संवेदक टिपतात. तरीही द्रावकांचे प्रमाण, आम्लता, प्रवाहाचा वेग आणि तापमान यांचा मेळ घालावा लागतो. तो चुकला, तर घातक रसायनाची खूण दुसऱ्या पदार्थाच्या खुणेत मिसळून नजरेआड होऊ शकते. त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीपासून सुरू केलेली पारख अन्न आणि पाण्याच्या सुरक्षिततेसाठी आजही तितकीच मोलाची आहे.