प्राणवायूचा उपासक

२७ जानेवारी १८९६ रोजी पहाटे दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत प्रचंड स्फोट झाला. ५७ कामगार प्राणांस मुकले. स्फोटाच्या तडाख्याने आणि ज्वाळांनी त्यांचा बळी घेतला, अशीच अशा वेळी सर्वांची समजूत होत असे. परंतु चौकशीसाठी ऑक्सफर्डहून आलेल्या एका शास्त्रज्ञाला काही निराळेच दिसले. मृतांपैकी पुष्कळांच्या अंगावर प्राणघातक इजा नव्हती. त्यांच्या त्वचेवर मात्र जिवंत माणसासारखी लाली होती. रक्ताची परीक्षा होताच त्या लालीचे रहस्य उलगडले. स्फोटातून वाचलेल्या कामगारांना स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गाठले होते. हे रहस्य उलगडणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन स्कॉट हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी एका खानदानी कुटुंबात झाला. १८८४ साली त्यांनी एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली. दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना कठीण नव्हते. परंतु माणूस ज्या हवेत जगतो, त्या हवेचाच अभ्यास करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. डंडी शहरातील गोरगरिबांच्या कोंदट खोल्यांत ते मध्यरात्रीनंतर जात आणि तेथील हवा बाटल्यांत भरून आणून तपासत. शाळांतील हवा त्यांनी तपासली. दुर्गंधीने भरलेल्या गटारांत उतरून तेथील हवाही तपासली. पुढे ते ऑक्सफर्ड येथे स्थायिक झाले आणि तेथेच त्यांनी आपले आयुष्य श्वसनाच्या अभ्यासाला वाहिले.

आपल्या रक्तात रक्तारुण, म्हणजेच हिमोग्लोबिन, नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांत आलेला प्राणवायू उचलून शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणे, हे त्याचे काम. कार्बन मोनॉक्साइड मात्र या रक्तारुणाला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. छाती हलत असते, श्वास चालू असतो. तरीही आतून शरीर गुदमरत असते. या वायूला रंग नाही, वासही नाही. त्यामुळे तो जवळ आल्याची वार्ता माणसाला लागत नाही.

या विषाचा परिणाम नेमका कसा होतो, हे जाणण्यासाठी हॉल्डेन यांनी दुसऱ्या कोणालाही संकटात घातले नाही. ते स्वतःच प्रयोगशाळेत बसून तो वायू हुंगू लागले. मधूनमधून ते आपल्या रक्ताचे थेंब तपासत आणि शरीराची अवस्था टिपून ठेवत. दृष्टी मंदावली, पाय लटपटू लागले, तरी त्यांनी प्रयोग सोडला नाही. एका प्रयोगात त्यांच्या रक्तातील निम्म्याहून अधिक रक्तारुण त्या विषाने व्यापले गेले. आणखी थोडा उशीर झाला असता, तर त्यांचे प्राणच गेले असते.

या अभ्यासातून एक साधी पण मोलाची युक्ती निघाली. लहान प्राण्यांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. तेव्हा खाणीत उतरताना उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यावा, असे हॉल्डेन यांनी सुचविले. पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी डुलू लागला, की कामगारांनी मागे फिरावे. पुढे असेही पिंजरे निघाले, की ज्यांत बेशुद्ध पक्ष्याला प्राणवायू देऊन पुन्हा सावध करता येई. १९८६ साली ब्रिटिश खाणींतून या पक्ष्यांना निरोप देऊन त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे ठरले. तोवर या चिमुकल्या पहारेकऱ्यांनी असंख्य माणसांचे प्राण राखले.

आपला मुलगा जॅक यालाही हॉल्डेन यांनी लहानपणीच या अभ्यासाची दीक्षा दिली. एकदा त्यांनी त्याला खाणीत नेले आणि एका जागी ताठ उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. भाषण पुरे होण्यापूर्वीच मुलाला धाप लागली, त्याचे पाय लटके पडले आणि तो जमिनीवर कोसळला. परंतु खाली पडताच त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला! खाणीतील मिथेन वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साचतो, हा धडा तो मुलगा जन्मभर विसरला नाही.

१९०५ साली हॉल्डेन यांनी प्रीस्टली या सहकाऱ्याच्या साह्याने एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. आपण झोपेत असतानाही श्वास कोण चालवितो? धावताना तो जलद का होतो? प्राणवायू कमी पडल्यामुळेच असे होते, असे कोणालाही वाटेल. परंतु एरवी श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो, हे या दोघांनी दाखवून दिले. फुप्फुसांच्या वायुकोशांतील या वायूचे प्रमाण केवळ ०.२ टक्के वाढले, तरी विश्रांतीच्या वेळचे श्वसन दुपटीने वाढते. जो वायू आपण टाकाऊ मानतो, तोच आपल्या श्वासाचा राखणदार आहे!

समुद्राच्या तळाशी काम करणाऱ्या पाणबुड्यांचे दुःखही हॉल्डेन यांनी जाणले. पाणबुडा झपाट्याने वर आला, की त्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होत आणि तो लुळा पडे किंवा मरे. पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, असे कोष्टक त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केले. १९११ साली ते अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर गेले आणि विरळ हवेत माणसाचे शरीर कसे जुळवून घेते, याचा त्यांनी अनेक आठवडे अभ्यास केला.

पुढे पहिले महायुद्ध भडकले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. खंदकांतील सैनिक तडफडून पडू लागले. ब्रिटिश सरकारने तातडीने हॉल्डेन यांना रणभूमीकडे धाडले. त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होत आले होते. तो वायू क्लोरीनच आहे, अशी त्यांनी खात्री करून घेतली. मग त्यापासून बचाव करणारे मुखवटे पारखण्यासाठी ते स्वतः, त्यांचा मुलगा आणि काही सहकारी क्लोरीन भरलेल्या कोठडीत शिरले. खोकून खोकून ते बेजार झाले. पण कोणता मुखवटा उपयोगी आणि कोणता कुचकामी, हे त्यांनी ठरविले.

तरीही ज्यांच्या फुप्फुसांना आधीच इजा पोहोचली होती, त्यांचे काय? त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरे, ओठ निळे पडत आणि प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नसे. त्या काळी प्राणवायू देण्याची रीत म्हणजे रोग्याच्या तोंडाजवळ नळीला जोडलेले नरसाळे धरणे. बहुतेक प्राणवायू हवेतच उडून जाई. हॉल्डेन यांनी घट्ट बसणारा मुखवटा, पिशवी आणि प्रवाह मोजण्याची कळ असलेले उपकरण तयार केले. प्राणवायू अधूनमधून न देता मोजून आणि सतत द्यावा, असा आग्रह त्यांनी १९१७ साली आपल्या लेखात धरला. रोग्याचे शरीर स्वतःला सावरेपर्यंत त्याला तगवून धरणे, हा या उपचाराचा हेतू होता. श्वसन निकामी होऊ लागलेल्या रोग्यावर आज जे उपचार होतात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

हॉल्डेन यांना विश्रांती ठाऊक नव्हती. पंचाहत्तरी गाठल्यावरही ते कामगारांना होणाऱ्या उष्माघाताची पाहणी करण्यासाठी इराण व इराक येथे गेले. तेथून परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या फुप्फुसांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांच्याच विकाराने त्यांचा अंत व्हावा, हा दैवदुर्विलासच होय.

त्यांचा मुलगा, थोर शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ साली भारतात आला आणि पुढे भारताचा नागरिक झाला. १९६४ साली भुवनेश्वर येथे त्याने देह ठेवला. मरणोत्तर आपला देह वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. पित्याने जिवंतपणी आपला देह ज्ञानासाठी राबविला. पुत्राने तो मृत्यूनंतरही ज्ञानालाच अर्पण केला.

आज रुग्णालयात एखाद्या गुदमरणाऱ्या रोग्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढविला जातो आणि हळूहळू त्याच्या निळ्या ओठांवर लाली परतते. त्या रोग्याला हॉल्डेन यांचे नावही ठाऊक नसते. परंतु त्याच्या प्रत्येक सुखाच्या श्वासामागे त्या निर्भय संशोधकाने सोसलेला एखादा गुदमरता श्वास असतो.