अर्धा राहिलेला कॅमेरा

माझ्या टेबलावर तीन महिने एक अर्धवट सर्किट पडून आहे. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचा ऑसिलेटर, म्हणजे विजेतून सूर काढणारं मॉड्यूल. दाब एका व्होल्टने वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जायला हवा. माझा जातो, पण ट्रान्झिस्टर जरा तापला की ढळतो. डाग पुन्हा दिले, वायरी बदलल्या. असलं वाद्य तयार विकत मिळतं, हे घरच्यांचं म्हणणंही खोटं नाही. अशा वेळी मला आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवतात.

जन्म ३ जून १८९० चा. आडनाव मेस्त्री, घरात कारागिरी पिढीजात. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. तिथूनच ‘पेंटर’ हे नाव कायमचं चिकटलं. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांनाही चित्रपटाने झपाटलं. पण कॅमेरा कुठून आणायचा? आपणच करायचा, असं ठरलं.

हे म्हणजे पेटी बनवण्याइतकं सोपं नव्हे. फिल्म कॅमेऱ्यातून सलग धावत नाही. ती भिंगामागे क्षणभर थांबते, प्रकाश घेते, झडप मिटते आणि अंधारात फिल्म एक घर खाली ओढली जाते. मूकपटात हे सेकंदाला साधारण १६ वेळा, तेही हाताने दांडा फिरवून! एखादं घर तसूभर सरकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार.

काम अर्धं असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. यंत्राची खरी ओढ त्यांची होती. सामान गुंडाळून पुन्हा पडदे रंगवायला बसले असते, तर बाबूरावांना कुणी नावं ठेवली नसती. पण विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता, की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. पुढे १९२५ चा ‘सावकारी पाश’ आला; कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि कोल्हापुरातच ‘प्रभात’ उभी राहिली. शिष्य मोठे झाले याचा आनंद असेलच, पण दामल्यांचं जाणं बाबूरावांना जास्त लागलं असावं, असं मला आपलं वाटतं. त्यांची कंपनी पुढे फार टिकली नाही. ते चित्र आणि शिल्पात रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

काल रात्री मी एकाच गुणाचे दोन ट्रान्झिस्टर शोधून पाठीला पाठ लावून चिकटवले, म्हणजे दोघे सारखेच तापतील. सूर अजून ढळतो, पण कमी.