उपास सोडा म्हणणारे रब्बी

आजचं वाचन : यशया, अध्याय ५८



आजचा अध्याय उपासाबद्दल आहे. नुसतं पोट रिकामं ठेवून आणि मान खाली घालून भागत नाही, भुकेल्याचं काय केलंस ते सांग, असा त्याचा सूर आहे. यहूदी लोक हाच अध्याय प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, सभास्थानात वाचतात. तेही स्वतः कडकडीत उपाशी असताना, पाण्याचा थेंबही न घेता. तो वाचताना मला रब्बी इस्राएल सालांतर आठवतात.

जन्म लिथुआनियातला, १८१० च्या सुमाराचा. आडनाव लिपकिन, पण सालांत गावी राहून शिकले म्हणून सालांतर. १८४० च्या सुमारास ते विल्ना शहरात (आजचं विल्नियस) शिकवायला आले. नवं शिक्षण, नवे विचार येत होते, तरुण धर्मापासून लांब जात होते. बाकीचे धर्मगुरू त्या तरुणांना दोष देत होते. सालांतर यांची नजर मात्र सभास्थानात पहिल्या रांगेत बसणाऱ्यांवर होती. अन्नाच्या शुद्धतेबद्दल जराशी शंका आली तरी ताट बाजूला सारणारा माणूस दुकानात बसला की मापात मारतो, हे कसं? त्यांचं उत्तर सरळ होतं. पहिली गोष्ट लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते, दुसरी पडलेली नसते. आणि जे अंगवळणी पडलेलं नाही, ते मुद्दाम पाडून घेता येतं.

माणसाच्या मनात त्याला स्वतःलाही न दिसणाऱ्या अंधाऱ्या शक्ती असतात आणि ऐन वेळी त्याच बुद्धीला ओढून नेतात, असं ते मांडायचे. हे फ्रॉइडच्या कितीतरी आधी! म्हणून नुसतं वाचून उपयोग नाही. त्यांनी नीतीच्या अभ्यासासाठी वेगळ्या खोल्या सुरू केल्या. लोक तिथे रोज थोडा वेळ बसून तेच ते उतारे मोठ्याने, सुरात, मन हलेपर्यंत म्हणायचे. यातूनच पुढे मुसार चळवळ उभी राहिली.

मग १८४८ साल उजाडलं आणि विल्नात कॉलऱ्याची साथ आली. योम किप्पूर जवळ येत होता. उपासाने अशक्त झालेल्यांना रोग लवकर धरेल, ही भीती होती. जीव वाचवण्यासाठी नियम बाजूला ठेवता येतो, हे यहूदी धर्मशास्त्रातच आहे. पण वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी अख्ख्या गावाला खायची मुभा द्यायची? ते ओझं कोण घेणार? सालांतर यांनी घेतलं. प्रार्थना आटोपशीर करा, मोकळ्या हवेत जा, गरज पडली तर थोडंथोडं खा, अशा सूचना त्यांनी लावल्या. त्या दिवशी सर्वांसमोर उभं राहून त्यांनी स्वतःही खाल्लं, असं काही जण सांगतात, काही जण नाकारतात. मुभा दिली यावर मात्र एकमत आहे. गावातले इतर धर्मगुरू नाराज झाले. मला विचाराल तर, स्वतः कडक राहणं त्यांना किती सोपं गेलं असतं!

त्याच सुमारास सरकारी रब्बी विद्यालयात शिकवायची विनंती त्यांनी नाकारली आणि विल्ना सोडून ते कोव्नोला गेले. पुढची वर्षं मुख्यतः जर्मनीत गेली, उतारवयात काही काळ पॅरिसमध्येही.

एक गोष्ट आमच्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. थिअरी ऑफ मशीन्सला आपण पोसेलिअर मेकॅनिझम काढतो ना, गोल गतीची सरळ रेषा करणारं? ते १८७१ मध्ये स्वतंत्रपणे शोधणारा लिपमन लिपकिन हा यांचाच मुलगा. तो वडिलांच्या वाटेवर राहिला नाही, याचं वडिलांना दुःख होतं. लाखोंची मनं वळवू पाहणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट मला फार जवळची वाटते. १८७६ मध्ये मुलगा गेला, वडिलांच्या सात वर्षं आधी.

सालांतर १८८३ मध्ये कोनिग्सबर्गला वारले. शेवटच्या रात्री सोबतीला एक साधा सेवक होता. आपण गेल्यावर मृतदेहाजवळ एकट्याने बसायला तो घाबरेल, हे त्यांच्या लक्षात आलं. मेलेला माणूस कुणाचं काही वाईट करू शकत नाही, हे त्याला समजावण्यात त्यांचे शेवटचे तास गेले, असं सांगतात.